नवं मुखपृष्ठ नंतर, आधी जुनी पानं

नमपाय ही पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी. तिची १.२० ही आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली, तेव्हा ‘एनपी.फ्लोट’ आणि ‘एनपी.इंट’ (एनपी हे नमपायचंच लघुरूप) ही नावं वापरणं सोडा, असा इशारा तिच्यात होता. डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ती काढूनच टाकली. निर्णय बरोबर होता. ही म्हणजे पायथनच्या साध्या फ्लोट (दशांश संख्या) आणि इंट (पूर्णांक) यांचीच दुसरी नावं होती. नमपायचा खास संख्याप्रकार समजून लोक ती वापरत आणि फसत. पण इंटरनेटवरच्या असंख्य धड्यांत ती आजही आहेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एखादी मुलगी असा धडा उघडते, चार ओळी उतरवून चालवते आणि उत्तराच्या जागी एरर येते: नमपायमध्ये फ्लोट नावाचं काही नाही. तिचं काहीच चुकलेलं नसतं. धडा लिहिणाऱ्याचंही चुकलेलं नव्हतं, लिहिला त्या दिवशी तो बरोबरच होता. हा धडा कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि ताजं पान कुठं आहे, एवढं मात्र त्या पानावर कुणी लिहिलेलं नाही.

वैज्ञानिक प्रोग्रामिंगच्या ओपन सोर्स प्रकल्पांनी वेबसाइटवरचे आपले मोजके तास कुठं घालवावेत, हा वाद दर काही वर्षांनी उठतो. बहुतेक वेळा तो मुखपृष्ठाची मांडणी, लोगो आणि रंगांपाशी जाऊन थांबतो, कारण त्या गोष्टींवर प्रत्येकाला मत देता येतं. माझं म्हणणं असं की वाचकाचं खरं नुकसान आतल्या पानांत होतं. आवृत्ती न सांगणारी पानं, तुटलेल्या लिंका, चालवून न पाहिलेली उदाहरणं आणि कुणाच्याच ताब्यात नसलेला इन्स्टॉलेशनचा मजकूर, या चार गोष्टी ताळ्यावर आल्याशिवाय नव्या डिझाइनला हात घालू नये. आणि हे काम कोडइतकंच मोलाचं मानून त्यासाठी माणसं नेमावीत, जमेल तिथं त्यांना मानधन द्यावं.

नव्या डिझाइनला माझा सरसकट विरोध नाही. नमपायनं २०१९ मध्ये हे काम रीतसर लेखी प्रस्ताव मांडून घेतलं आणि मे २०२० मध्ये नवी वेबसाइट सुरू केली. त्याआधी जिम ह्यूगुनिनच्या न्यूमेरिक या आधीच्या लायब्ररीपासून चालत आलेल्या, ट्रॅव्हिस ऑलिफंटनं २००६ मध्ये १.० पर्यंत आणलेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत रोज चालणाऱ्या या लायब्ररीचं मुखपृष्ठ म्हणजे थोडा मजकूर आणि दुसरीकडे नेणाऱ्या लिंका होत्या. डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची माहिती देणारी पानं, सायपाय या वैज्ञानिक गणिताच्या शेजारच्या लायब्ररीच्या पत्त्यावर राहत होतं. नव्या साइटनं नमपाय काय आहे, कुठं वापरतात, कसं शिकायचं आणि मदत कुठं मागायची हे एका जागी आणलं. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र, गुरुत्वीय लहरींचा शोध यांच्या शेजारी क्रिकेटच्या विश्लेषणाचंही उदाहरण तिथं आहे. सायपायच्या साइटचा गुंता याहून मोठा होता. एकच नाव लायब्ररीला, परिषदेला आणि नमपाय, आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब, तक्त्यांसाठीचं पांडाज यांच्या सगळ्या गोतावळ्याला वापरलं जाई. नवख्या माणसाला आपण नक्की काय डाउनलोड करतोय तेच कळत नसे. तो गुंता सोडवणं गरजेचंच होतं.

पण ही मुखपृष्ठाची कामं एकदा केली की बरीच वर्षं टिकतात. आतल्या पानांचं तसं नसतं. वाचक ‘नमपाय म्हणजे काय’ असं विचारत येत नाही, तो ‘अ‍ॅरेचा आकार जुळत नाही’ अशी एरर सर्च इंजिनात टाकतो आणि थेट कुठल्यातरी आतल्या पानावर उतरतो. मुखपृष्ठ त्याला कधी दिसतही नाही.

आता ते आतलं पान जुनं का निघतं ते पाहा. स्फिंक्स या पानं तयार करणाऱ्या साधनानं बनवलेलं डॉक्युमेंटेशन प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण जुनी आवृत्ती वापरणाऱ्यालाही तिची माहिती लागते. पण जुन्या फोल्डरातल्या पानांना आठ-दहा वर्षांत जगभरातून लिंका मिळालेल्या असतात, आणि सर्च इंजिन त्या लिंकांवरून पानाचं वजन ठरवतं. त्यामुळे ताजं पान मागे पडतं आणि जुनं वर येतं. मॅटप्लॉटलिबच्या बाबतीत हे अनेकांनी पाहिलं असेल: शोधलं की २.० च्या काळातलं पान समोर येई. त्यांनी त्या पानांवर ठळक पट्टी लावली: तुम्ही जुनी आवृत्ती वाचत आहात, ताज्या आवृत्तीसाठी इकडे जा. हा उपाय साधा आहे आणि चालतो.

पट्टीच्या जोडीला प्रत्येक जुन्या पानाच्या एचटीएमएलमध्ये ‘कॅनॉनिकल’ टॅग हवा. या मजकुराचं मुख्य पान ‘स्टेबल’ फोल्डरातलं आहे, हे तो टॅग सर्च इंजिनाला सांगतो. इथं एक चूक हमखास होते. जुनी पानं शोधात येऊ नयेत म्हणून कुणीतरी रोबोट्स.टीएक्सटी फाइलमध्ये तो सगळा फोल्डर बंद करून टाकतं. मग सर्च इंजिनाला ते पान वाचताच येत नाही, म्हणजे त्यातला कॅनॉनिकल टॅगही दिसत नाही. बाहेरच्या लिंकांच्या जोरावर तो पत्ता मात्र वर्णनाशिवाय निकालात राहू शकतो. बंद करण्याऐवजी पान वाचू द्यावं आणि टॅगनं मार्ग दाखवावा. फंक्शनच काढून टाकलं असेल आणि ताज्या फोल्डरात त्याचं पानच नसेल, तर तो टॅग जे पानच नाही त्याकडे बोट दाखवू लागतो. अशा पानावर हे कधी काढलं आणि त्याऐवजी काय वापरायचं, हे हातानंच लिहावं लागतं. ते कंटाळवाणं काम आहे, आणि वाचकाचा सगळ्यात जास्त वेळ तेच वाचवतं.

दुसरी चूक जुनी पानं पुसून टाकण्याची. पाठ्यपुस्तकांत, शोधनिबंधांत, इतरांच्या कोडमधल्या टिपांत ते पत्ते छापले गेलेले असतात. पान हलवलं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी सोय ठेवलीच पाहिजे. गिटहब पेजेससारख्या, वेबसाइट ठेवू देणाऱ्या ठिकाणी सर्व्हरच्या पातळीवर ती करता येत नाही. तिथं जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवून ब्राउझरला पुढे पाठवावं लागतं, आणि हे काम करणारी एक्स्टेंशन स्फिंक्ससाठी तयार आहेत. याहून सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ‘ऑब्जेक्ट्स.आयएनव्ही’ ही फाइल. सायपाय, पांडाज, अ‍ॅस्ट्रोपाय यांच्या पानांतून नमपायच्या फंक्शनकडे जाणाऱ्या लिंका या यादीवरून बनतात. साइट हलवताना ती फाइल जुन्या जागेवरून गायब झाली, तर आपली साइट धडधाकट दिसते आणि शेजारच्या प्रकल्पांच्या पानांतल्या लिंका गळून पडतात.

आवृत्तीचा प्रश्न नुसत्या एररपुरता असता तर एवढं ताणून धरलं नसतं. एरर आली की निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. एरर न येता चुकीचं उत्तर येतं तेव्हा काय? विंडोजवर नमपाय १.x मध्ये १००००० या एकाच संख्येचा अ‍ॅरे करून त्याचा वर्ग काढा. उत्तर यायला हवं १००००००००००. येतं १४१००६५४०८. कारण त्या काळात नमपायचा पूर्णांकांचा मूळ प्रकार सी भाषेतल्या ‘लाँग’वरून ठरत असे, आणि तो विंडोजवर ३२ बिटी असतो, मशीन ६४ बिटी असलं तरी. मोठी संख्या मावली नाही की वरचे बिट गळतात आणि उरलेलं उत्तर म्हणून परत येतं. लिनक्स आणि मॅकवर हाच कोड बरोबर चालतो. १६ जून २०२४ ला आलेल्या २.० आवृत्तीनं हे बदललं, ६४ बिटी विंडोजवरही आता ६४ बिटी पूर्णांक आहेत. पण त्याआधी लिनक्सवर बसून लिहिलेला, तिथं तपासलेला धडा विंडोजवर वाचणाऱ्याला काहीच सावध करत नव्हता. आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये विंडोजच जास्त. अशा धड्याच्या माथ्यावर ‘नमपाय इतकी, पायथन इतकं, अमुक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवून पाहिलं’ ही एक ओळ असती, तरी शंका घ्यायला जागा मिळाली असती.

याच २.० नं छापण्याची पद्धतही बदलली. ९ चं वर्गमूळ काढलं की आधी नुसतं ३.० दिसे, आता ‘एनपी.फ्लोट६४(३.०)’ असं दिसतं. गणित तेच आहे, पण धड्यातलं उत्तर आणि स्क्रीनवरचं उत्तर जुळत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. जर्नल लिहायचं असतं, सर उत्तर पडताळून पाहणार असतात. दोन वाक्यांची टीप पुरेशी आहे, फक्त ती त्या पानावर असायला हवी. आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणांत ती आहेच, पण नवशिका प्रकाशन-टिपणं वाचत नाही.

जुन्या लॅबचा पेच वेगळाच आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, आणि ३.८ वर चालणारी नमपायची शेवटची मालिका १.२४. म्हणजे त्या मशीनवर पिप, पॅकेज बसवणारी पायथनची कमांड, आपोआप १.२४ बसवते. एनपी.फ्लोट तिथं नाही, म्हणून २०१८ चा धडा मोडतो. ताज्या डॉक्युमेंटेशनमधलं एनपी.कॉनकॅट २.० मध्ये आलंय, म्हणून आजचं पानही मोडतं. दोन्हीकडून अडलेल्या या वाचकाला वाट दाखवायची तर प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्ती बदलण्याची यादी हवी, ती उघडल्यावर वाचक त्याच फंक्शनच्या पानावर राहायला हवा (मुखपृष्ठावर फेकला जाता कामा नये), आणि प्रत्येक नव्या फंक्शनखाली ‘आवृत्ती २.० पासून’ ही नोंद हवी. शिवाय एक वाक्य: जुन्या आवृत्तीत हेच काम एनपी.कॉनकॅटिनेट करतं, आणि ते दोन्हीकडे चालतं.

प्रकल्पांनी जुन्या आवृत्त्यांना अनंतकाळ आधार द्यावा असं मी म्हणत नाही. वैज्ञानिक पायथनच्या प्रकल्पांनी ठरवलेलं आहे की पायथनची एखादी आवृत्ती प्रकाशित होऊन तीन वर्षं झाली, आणि नमपायसारख्या मूळ पॅकेजची दोन वर्षं, की तिचा आधार सोडायचा. मनुष्यबळ पाहता हे धोरण वाजवी आहे. पण ते इन्स्टॉलेशनच्या पानावर साध्या शब्दांत लिहिलेलं हवं. नाहीतर लॅब असिस्टंटला ते कळतं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी.

इन्स्टॉलेशनचं पान हे कुठल्याही प्रकल्पाचं सगळ्यात महत्त्वाचं पान, आणि बहुतेक ठिकाणी ते आधीच सगळं येत असलेल्या माणसानं लिहिलेलं असतं. ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ ही एक ओळ देऊन ते संपतं. विंडोजवर पायथन बसवताना पाथची चौकट टिक केली नसेल तर पिप ही कमांडच ओळखली जात नाही. मशीनवर दोन पायथन असतील तर पिप एकात बसवतं आणि एडिटर दुसरं चालवतो. इन्स्टॉल झालं म्हणून सांगितलं जातं आणि इम्पोर्ट मात्र होत नाही. म्हणून पानावर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल नमपाय’ हेच द्यावं, विंडोजसाठी ‘पाय -एम पिप’, म्हणजे ज्या पायथननं कोड चालवायचा त्याच्याच घरात पॅकेज जातं. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही बसवूच देत नाही, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर देतं. त्यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावा. त्याच्या नावातच धोका लिहिलाय, तरी लोक तो लावतात, कारण अधिकृत पान त्या एररचं नावही घेत नाही. बरोबर उत्तर म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरता वेगळा ठेवलेला पायथनचा कप्पा), आणि डेबियन-उबुंटूवर त्यासाठी ‘पायथन३-व्हेन्व’ हे पॅकेज आधी वेगळं बसवावं लागतं. हे शेवटचं अर्धं वाक्य नसेल तर वाचक पुढच्याच पायरीवर पुन्हा अडतो.

इन्स्टॉलेशन झालं का, हे तपासायची एक ओळ शेवटी हवीच: नमपाय इम्पोर्ट करून आवृत्ती छापा. आणि त्याखाली नेहमीच्या चुका त्यांच्या एररच्या नेमक्या इंग्रजी शब्दांसह द्याव्यात, कारण लोक तेच शब्द कॉपी करून शोधतात. स्वतःच्या फाइलला ‘नमपाय.पीवाय’ नाव देणं ही त्यातली सगळ्यात जुनी. पायथन आधी त्याच फोल्डरात पाहतं, लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलतं आणि मग तिच्यात अ‍ॅरे सापडत नाही म्हणून तक्रार करतं. दुसरी २.० नंतरची: एखादं पॅकेज नमपाय १.x वर कंपाइल झालेलं असलं की २.० वर चालत नाही. तिथली एरर बरीच समजूतदार आहे, पॅकेज अद्ययावत करा किंवा नमपाय २ च्या खाली उतरवा असं तीच सांगते, पण ती इतकी लांब असते की लोक वाचत नाहीत. पानावर ती दोन ओळींत आणावी.

उदाहरणं चालवून पाहणं हा या सगळ्यातला असा भाग आहे जो मशीनकडे सोपवता येतो, आणि तरी कित्येक प्रकल्प सोपवत नाहीत. पायथनमध्ये डॉकटेस्ट फार जुनं आहे: डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण चालवायचं आणि आलेलं उत्तर छापलेल्या उत्तराशी ताडून पाहायचं. अडचण अशी की ते अक्षरन् अक्षर ताडतं, आणि दशांश संख्यांचा शेवटचा अंक मशीनगणिक बदलतो. त्यामुळे वैज्ञानिक प्रकल्पांत खोट्या तक्रारींचा ढीग साचतो आणि लोक ते बंद करतात. सायपायच्या लोकांनी यावर स्वतःचं साधन बनवलं, ते संख्या संख्या म्हणूनच ताडून पाहतं, थोडा फरक चालवून घेतं. ते आता वेगळं पॅकेज म्हणून मिळतं, इतर प्रकल्पांनी ते घ्यावं. नमपायचे मोठे धडे तर नोटबुकच्या रूपात वेगळ्या भांडारात (रिपॉझिटरीत) ठेवले आहेत आणि साइट बांधतानाच ते चालवले जातात. मोडलेला धडा असा तिथंच पकडला जातो.

लिंका तपासायलाही स्फिंक्समध्ये सोय आहे. मात्र ती प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (म्हणजे बदल स्वीकारा अशा विनंतीवर) लावू नये. बाहेरच्या पुष्कळ साइट्स अशा आपोआप येणाऱ्या विचारणांना ४०३ (मनाई) किंवा ४२९ (फार विचारणा) देऊन परत पाठवतात. लिंक जिवंत असते, तपासणी लाल होते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या लाल खुणेकडे कुणी बघत नाही. आठवड्यातून एकदा वेगळी चालवावी आणि तिचा अहवाल पाहायचा कुणी, त्याचं नाव ठरलेलं असावं.

ब्राउझरमध्येच कोड चालवून बघायची सोय आता पायोडाइडमुळे, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या पायथनमुळे, सर्व्हरशिवाय होते, हे चांगलंच आहे. पण ती बटण दाबल्यावरच लोड व्हावी. पान उघडताच कित्येक मेगाबाइट ओढणारी साइट मोबाइलच्या डेटावर वाचणाऱ्याला हाकलून लावते. रंगसंगतीबद्दलही थोडक्यात: मजकूर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ : १ असावा, समीकरणं चित्र म्हणून टाकू नयेत (स्क्रीन रीडरला ती वाचता येत नाहीत आणि शोधातही सापडत नाहीत), आलेखाला शब्दांत वर्णन द्यावं, आणि लांब कोडमुळे मोबाइलवर अख्खं पान आडवं सरकू नये.

हे सगळं करायचं कुणी? २००८ च्या उन्हाळ्यात सायपायनं डॉक्युमेंटेशन मॅरेथॉन घेतली. तेव्हा नमपायच्या पुष्कळ फंक्शनना धड वर्णनच नव्हतं. त्यांनी ब्राउझरमधून चालणारा एक संपादक बनवला: कुणीही खातं उघडावं, फंक्शनचं वर्णन सुधारावं, दुसऱ्यानं तपासावं, आणि मग ते मूळ कोडमध्ये जावं. आज आपण वाचतो त्या पानांचा पाया त्या काळात घातला गेला. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बदल सुचवायला कंपायलर लागता कामा नये, आणि तपासणारा माणूस ठरलेला असला पाहिजे.

पहिली गोष्ट आज बरीचशी सोपी झाली आहे. पानावरची ‘संपादन करा’ ही लिंक थेट गिटहबवर नेते, आणि पुल रिक्वेस्ट टाकल्यावर बदललेलं पान कसं दिसेल याची लिंक सीआय ही बदल आपोआप तपासणारी यंत्रणा तयार करून देते. पण ही लिंक कुठं सापडते ते नवख्याला कुणी सांगत नाही. तो बिचारा सगळं भांडार उतरवून घेतो, सबमॉड्यूल (त्याला जोडलेली दुसरी भांडारं) घ्यायचे राहतात, बांधणी मोडते, आणि एका शब्दाची दुरुस्ती करायला आलेला माणूस निघून जातो. योगदानाच्या पानावर अगदी वरच लिहावं: मजकुराच्या दुरुस्तीसाठी काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही, ब्राउझर पुरे.

दुसरी गोष्ट अजून दुबळीच आहे. डॉक्युमेंटेशनच्या पुल रिक्वेस्ट कोडच्या रांगेत मागे राहतात, कारण तपासणारी माणसं तीच आणि त्यांना कोडची घाई. महिना-दोन महिने उत्तर न आलेला नवा माणूस पुन्हा येत नाही. वेबसाइटच्या भांडारासाठी वेगळी माणसं हवीत, किमान दोन, म्हणजे एक रजेवर असताना दुसऱ्याला बदल स्वीकारता येतील. डोमेनची नोंदणी, डीएनएसचा पासवर्ड, सर्च कन्सोलचा प्रवेश या गोष्टी एकाच व्यक्तीच्या खासगी ईमेलला बांधलेल्या असू नयेत. अशा प्रकल्पांना आधार देणारी नमफोकससारखी संस्था पाठीशी असेल तर डोमेन संस्थेच्या नावावर करावं.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. नमपायसारख्या प्रकल्पाला पूर्णवेळ कामासाठी मोठं अनुदान मिळालं ते २०१७ मध्ये, म्हणजे १.० नंतर अकरा वर्षांनी. त्याआधीचा सगळा डोलारा लोकांच्या फावल्या वेळावर उभा होता. आजही अनुदानाचे अर्ज नव्या सुविधांच्या आश्वासनांवर लिहिले जातात. ‘४०० जुनी पानं तपासू’ असं लिहिलेला अर्ज फिका वाटतो. अनुदान देणाऱ्यांनी ही रीत बदलायला हवी. सरकारी पैशातून चालणारं संशोधन या लायब्रऱ्यांवर उभं आहे, तेव्हा त्यांच्या माहितीच्या देखभालीला त्याच पैशातला एक ठरावीक हिस्सा मागणं ही भीक नव्हे.

हल्ली एक आक्षेप वारंवार येतो: लोक आता चॅटबॉटला विचारतात, साइट वाचतो कोण? उलट यामुळे काम अधिक निकडीचं झालं आहे. ती उत्तरं याच पानांवरून शिकलेली आहेत. जुन्या धड्यांत एनपी.फ्लोट भरभरून असेल आणि त्यावर ‘हे काढलं आहे’ असं कुठं लिहिलेलं नसेल, तर चॅटबॉटच्या उत्तरातही ते येणार. आणि उत्तर पडताळून पाहायचं तर शेवटी अधिकृत पानाकडेच यावं लागतं.

महाराष्ट्राचा या कामाशी संबंध जुना आहे. मायावी हे त्रिमितीय आलेखांचं पॅकेज प्रभू रामचंद्रन यांचं, ते आयआयटी मुंबईत शिकवतात. सायपाय इंडिया परिषद २००९ पासून भरू लागली. आयआयटी मुंबईतल्याच फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतली, ती तपासून घेतली आणि त्यासाठी मानधन दिलं. स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पानं अशा साधनांचे छोटे पाठ मराठीतही आणले. म्हणजे तपासलेल्या कामाला मानधन देण्याची घडी इथं बसलेली आहे. ती नवं काही बनवण्याइतकीच जुनं दुरुस्त करण्यासाठी वापरावी.

मराठी पानांबद्दल मात्र सावधपणे पुढे जावं. नमपायची मुख्य साइट पोर्तुगीज आणि जपानी भाषांत आहे, २०२० च्या वापरकर्ता सर्वेक्षणाच्या भाषांत हिंदी आणि बंगाली होत्या. मराठी असावी असं मनापासून वाटतं. पण अनुवाद झाला की त्याची देखभालही मागे लागते, आणि मूळ पान बदलल्यावर तसाच राहिलेला अनुवाद हा पुन्हा जुन्या पानाचाच प्रकार झाला. म्हणून फंक्शनांच्या हजारो पानांना हात लावू नये. इन्स्टॉलेशन, एररची यादी आणि नवशिक्यांसाठीचा एक धडा, एवढी तीनच पानं घ्यावीत. कोड आणि एररचे शब्द इंग्रजीतच ठेवावेत, स्क्रीनवर तेच दिसणार आहेत. अ‍ॅरे, लूप, फंक्शन हे शब्द वर्गात बोलतात तसेच ठेवावेत. आणि प्रत्येक पानावर हा अनुवाद मूळ पानाच्या कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, ते लिहावं.

इंजिनिअरिंगच्या आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे गुण असतातच. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी एवढं मान्य करावं की एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन दुरुस्त करून स्वीकारलं गेलेलं कामही त्यात धरता येईल. चार जणांचा गट, एक सत्र, सायपायचा एक विभाग, समजा इंटरपोलेशन (माहीत असलेल्या बिंदूंमधल्या किमती काढणं). त्या विभागातून इंटरप२डी हे फंक्शन सायपायच्या १.१४ मध्ये काढून टाकलंय, त्यामुळे मोडलेली उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही. प्रत्येक उदाहरण लॅबमधल्या विंडोज मशीनवर आणि एका लिनक्सवर चालवायचं, फरक नोंदवायचा, दुरुस्ती पाठवायची. मूल्यमापनही सरळ आहे: किती बदल पाठवले यापेक्षा तपासणाऱ्यांच्या किती शेऱ्यांना उत्तर देऊन किती बदल आत गेले, ते पाहायचं. सगळा व्यवहार उघड्यावर नोंदलेला असतो, बाहेरच्या परीक्षकाला तो तारखेसकट वाचता येतो.